स्वयंसेवकांची सामायिक नोंदवही : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक अभ्यास

लोकसेवेच्या कामात धान्याचा आणि पैशाचा हिशेब काटेकोरपणे ठेवला जातो. किती पोती आली, किती वाटली, किती शिल्लक राहिली, हे कोणतीही चांगली संस्था तत्काळ सांगू शकते. मात्र आज हाक दिली तर किती माणसे ओ देतील, असे विचारल्यास बहुधा एक जुनी वही पुढे केली जाते. तीत नावे भरपूर असतात. त्यांपैकी कोण गावात आहे, कोणाचा दूरध्वनी चालू आहे आणि कोण कोणत्या कामाला उपयोगी पडेल, हे वही ठेवणाऱ्यालाही ठाऊक नसते. अशी वही संकटाच्या रात्री उघडली जाते आणि तिचा पोकळपणा त्याच वेळी लक्षात येतो.

स्वयंसेवकांची नोंद हा विषय म्हणूनच केवळ कारकुनी कामाचा नाही. अनेक संस्थांनी मिळून एकच नोंदवही ठेवावयाची झाल्यास तो अधिक गुंतागुंतीचा होतो. बीडसारख्या जिल्ह्यात तर त्याला स्थलांतराचे एक वेगळेच परिमाण लाभले आहे.

सेवाकार्याची परंपरा

अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५,८५,०४९ आहे. पाऊस बेभरवशाचा, सिंचन तुटपुंजे, उद्योग मोजके. अशा प्रदेशात लोकांच्या आपसातील मदतीवर बराच भार पडतो. अंबाजोगाई येथे डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये मराठवाडा नवनिर्माण लोकायत अर्थात ‘मानवलोक’ ही संस्था स्थापन केली. पाणलोट विकास आणि निराधार वृद्धांचे भोजन यांसारखी कामे तिने हाती घेतली. शैला लोहिया यांच्या पुढाकाराने ‘मनस्विनी’चे स्त्रियांसाठीचे काम उभे राहिले. शिरूर कासार तालुक्यातील आर्वी येथे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ‘शांतिवन’ आहे, तर बीडजवळ पाली येथे एचआयव्हीबाधित मुलांसाठी ‘इन्फंट इंडिया’. यांखेरीज महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेची पथके, बचत गटांचे संघ, गणेश मंडळे आणि रक्तदान शिबिरे भरविणारी तरुण मंडळे गावोगावी आहेत.

यांपैकी प्रत्येकाजवळ माणसांची आपापली यादी असते. एकाच गावातील तोच उत्साही तरुण चार याद्यांत आढळतो. शेजारच्या गावातील सुईण म्हणून वर्षानुवर्षे राबलेली बाई किंवा पोहण्यात तरबेज असलेला कोळी यांचे नाव एकाही यादीत नसते. याद्या एकत्र करण्याची कल्पना निघते ती येथून.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने शेजारच्या लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांत हाहाकार उडविला, तेव्हा धावून येणाऱ्या हातांची वाण नव्हती. कोणते हात कोठे पाठवावेत हा प्रश्न अधिक अवघड होता. केरळ राज्याने २०१८ च्या महापुरानंतर हाच धडा घेतला आणि २०२० मध्ये स्वयंसेवकांची नोंदणीकृत ‘सामूहिक सन्नद्ध सेना’ उभारली. दर शंभर लोकांमागे एक स्वयंसेवक असे तिचे उद्दिष्ट होते. करोनाच्या साथीत या नोंदीचा लगेच उपयोग झाला. तथापि केरळची पद्धत जशीच्या तशी बीडमध्ये आणता येणार नाही. त्याचे कारण दसऱ्यानंतर रिकाम्या होणाऱ्या वाड्यावस्त्यांत शोधावे लागेल.

दसरा ते पाडवा

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम जवळ आला की बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. पतिपत्नींच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणून धरले जाते. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर फेडावयाची असते. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे साधारणतः फाल्गुन-चैत्रापर्यंत, ही माणसे उसाच्या फडातील कोपीत राहतात. डोंगरपट्ट्यातील कित्येक वाड्या या काळात म्हातारे आणि शाळकरी पोरे यांच्या हवाली असतात.

श्रावणात गोळा केलेली स्वयंसेवकांची यादी दिवाळीनंतर उघडली, तर त्यातील निम्मी नावे तीनशे किलोमीटरवरील फडात असू शकतात, हे येथे ओघानेच आले. नाव खरे, क्रमांक खरा, माणूस मदतीस तत्पर. तरीही त्या रात्री तो येऊ शकत नाही. नोंदवहीत ‘पत्ता’ हा रकाना असतो, ‘कोणत्या महिन्यांत पत्त्यावर’ हा रकाना नसतो. बीडच्या नोंदवहीत तो सर्वप्रथम हवा.

याची दुसरी बाजूही ध्यानात घेण्याजोगी आहे. पानी फाउंडेशनने २०१६ मध्ये वॉटर कप स्पर्धेचा आरंभ केला, तेव्हा निवडलेल्या तीन तालुक्यांत साताऱ्यातील कोरेगाव आणि अमरावतीतील वरूड यांच्यासह अंबाजोगाईचा समावेश होता. श्रमदानाचे पंचेचाळीस दिवस उन्हाळ्यात येत. टोळ्या गावी परतलेल्या असण्याचा आणि पेरणीची घाई अद्याप सुरू न झाल्याचा हाच काळ. पुढे १ मे २०१८ च्या महाश्रमदानासाठी शहरी लोकांनी ‘जलमित्र’ म्हणून नावे नोंदविली आणि त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. शहरातील माणसाला एक दिवस ठरवून देता येतो. ऊसतोड कामगाराला दिवस नव्हे, ऋतू विचारावा लागतो. ज्या संस्थेने हे ओळखले तिला वैशाखात हातांची कमतरता भासत नाही.

या संदर्भात मुकादमाच्या डायरीचा विचार केल्याशिवाय राहवत नाही. कोणता कोयता कोणत्या गावचा, सध्या कोणत्या कारखान्यावर आहे, त्याचा दूरध्वनी कोणता, तो बदलला तर निरोप कोणामार्फत पोचेल, हे सारे त्या डायरीत असते आणि ते बहुधा अचूक असते. जिल्ह्यातील सर्वांत जिवंत संपर्कवही हीच म्हणावी लागेल. ती जिवंत राहते कारण तिच्या प्रत्येक ओळीमागे उचलीची रक्कम उभी असते. सेवाकार्याच्या वहीमागे असा धाक नसतो आणि नसावा. मग ती अद्ययावत राहावी यासाठी दुसरे कोणते कारण निर्माण करता येईल, हा या विषयातील खरा प्रश्न आहे.

शासनाने स्थापन केलेल्या लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी ग्रामसेवकांमार्फत कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचे काम हाती घेण्यात आले. ती नोंद कल्याणकारी योजनांसाठी आहे. स्वयंसेवेच्या कामासाठी ती मागणे योग्य नाही. ज्या हेतूने माणसाने नाव दिले त्याच हेतूने ते वापरावे, हे तत्त्व पुढे कायद्याच्या संदर्भात पुन्हा येईल.

रकाने कोणते असावेत

नोंदवहीची आखणी करताना उत्साहाच्या भरात वीस-पंचवीस रकाने आखले जातात. शिक्षण, व्यवसाय, जन्मतारीख, आधार क्रमांक, जात, छायाचित्र असे सर्व काही विचारले जाते. असा तक्ता पहिल्या गावी पूर्ण भरतो, तिसऱ्या गावी अर्धा भरतो आणि दहाव्या गावापासून त्यात केवळ नाव व क्रमांक उरतो. जो रकाना कोणत्याही निर्णयाला उपयोगी पडणार नाही, तो आखूच नये. स्वयंसेवकाला हाक देण्यासाठी आधार क्रमांक कधीही लागत नाही.

नावाविषयी मात्र थोडी सावधगिरी हवी. एका गावात एकाच नावाची तीन माणसे सहज सापडतात. म्हणून वडिलांचे किंवा पतीचे नाव, वस्तीचे नाव आणि गावात ज्या नावाने हाक मारतात ते नाव, अशी तिन्ही लिहावीत. संगणकावरील तक्त्यात तेच नाव एकाने देवनागरीत आणि दुसऱ्याने रोमन लिपीत लिहिले, तर यंत्राला ती दोन माणसे वाटतात. लिपी एकच ठरवावी. गावांच्या नावांचेही असेच आहे. पिंपळगाव, वडगाव, टाकळी ही नावे मराठवाड्यात पुनःपुन्हा येतात. केंद्र शासनाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला स्वतंत्र संकेतांक आहे. तो गावाच्या नावाशेजारी लिहिल्यास घोटाळा टळतो.

दूरध्वनीचा रकाना वरकरणी सर्वांत सोपा वाटतो, पण सर्वाधिक चुका तेथेच होतात. स्त्री-स्वयंसेविकेच्या नावापुढील क्रमांक अनेकदा पतीचा किंवा मुलाचा असतो. तो मुलगा पुण्यास कामाला गेला की तिच्यापर्यंत निरोप पोचण्याचा मार्ग बंद होतो. ‘दूरध्वनी कोणाच्या हाती असतो’ असा छोटा रकाना ठेवला आणि शेजारच्या घराचा किंवा गटाच्या अध्यक्षेचा दुसरा क्रमांक घेतला, तर ही अडचण बरीच कमी होते. बंद पडलेला भ्रमणध्वनी क्रमांक नव्वद दिवसांनंतर नव्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, हेही पुष्कळांना माहीत नसते. परिणामी जुन्या वहीतील क्रमांकावर रात्री दोन वाजता भलत्याच गावचा, झोपमोड झालेला माणूस बोलतो.

कौशल्याच्या रकान्यात ‘समाजसेवेची आवड’ असे लिहिलेले आढळते. त्याचा उपयोग शून्य. ट्रॅक्टर चालविता येतो, पुरात पोहता येते, बंजारा बोली येते, जखमेवर पट्टी बांधता येते, घरी जीप आहे, असे लिहावे. ज्या तांड्यावर आरोग्य शिबिर भरवावयाचे, तेथे गोरमाटी बोलणारी एक मुलगी दहा उत्साही कार्यकर्त्यांपेक्षा अधिक काम करते.

राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्यांची नोंद वेगळी ठेवणे श्रेयस्कर. २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या या योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तासांचे काम करावयाचे असते. त्यानंतर तो महाविद्यालय सोडतो आणि बहुधा जिल्हाही सोडतो. त्याच्या नावापुढे वर्ष लिहिले नाही तर आठ वर्षांपूर्वीचे विद्यार्थी वहीत तसेच विशीतले राहतात.

रक्तदात्यांची पाने

रक्तदात्यांच्या पानांवर नोंदवहीचा खरा कस लागतो. अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात परळी, केज, धारूरकडून आणि शेजारच्या जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव झालेली एखादी स्त्री रात्री तेथे आणली गेली आणि तिचा रक्तगट निगेटिव्ह निघाला असे समजावे. भारतात निगेटिव्ह गटाचे लोक शंभरांत सुमारे पाच. वीस दात्यांच्या गावयादीत असा एखादाच असावयाचा. तो आता फडात असेल, किंवा त्याने महिन्यापूर्वीच गणेशोत्सवाच्या शिबिरात रक्त दिले असेल, तर ती यादी त्या स्त्रीच्या कामाची नाही.

पुरुषाने दोन रक्तदानांत नव्वद दिवसांचे आणि स्त्रीने एकशेवीस दिवसांचे अंतर ठेवावे असा दंडक आहे. म्हणून रक्तगटाइतकाच ‘अखेरचे रक्तदान कोणत्या दिवशी’ हा रकाना आवश्यक ठरतो. शिबिरे भरविणाऱ्या मंडळांनी एकमेकांशी नोंद जुळविली, तर जयंत्या आणि उत्सवांच्या आठवड्यात सर्वांनी एकदम रक्त देणे आणि मे महिन्यात रक्तपेढी रिकामी असणे, ही दरवर्षीची विसंगती कमी करता येईल. साठविलेले रक्त काही आठवड्यांपेक्षा अधिक टिकत नाही. उत्साह वर्षभर पसरविला पाहिजे तो याकरिता.

रक्तगट ऐकीव माहितीवर लिहू नये. शिबिरात मिळालेल्या पत्रावरून लिहावा आणि पत्र नसल्यास जागा कोरी ठेवावी. कोरी जागा चुकीच्या अक्षरापेक्षा पुष्कळ बरी. दाता कोणत्या रुग्णालयापर्यंत वेळेत पोचू शकतो हेही नोंदवावे. आष्टीचा माणूस बीड जिल्ह्यातील असला तरी त्याला अंबाजोगाईपेक्षा अहिल्यानगर जवळ आहे. जिल्ह्याची सीमा ही प्रशासनाची सोय असून रुग्णवाहिकेची वाट तिला जुमानत नाही.

दात्याचा क्रमांक रुग्णाच्या नातेवाइकांच्या हाती थेट देऊ नये, असे सुचवावेसे वाटते. मागणी रक्तपेढीकडून यावी आणि दूरध्वनी समन्वयकाने करावा. पैसे घेऊन रक्त देण्याचा व्यवहार देशात १ जानेवारी १९९८ पासून बंद करण्यात आला. सामायिक यादी मोकळी सोडली तर तो व्यवहार मागील दाराने परत येण्यास वाव मिळतो.

सामायिक म्हणजे कोणाची?

संस्था आपली यादी दुसऱ्यास देण्यास कचरतात. त्यांच्या संकोचाला क्षुद्रपणा समजणे अन्यायाचे होईल. माणसे जोडण्यात वर्षे गेलेली असतात आणि यादी एकदा हातची गेली की ती निवडणुकीच्या प्रचारासाठी, कर्ज देणाऱ्या कंपनीसाठी किंवा विम्याच्या दलालासाठी कधी वापरली जाईल याचा नेम नसतो. स्त्रियांचे क्रमांक भ्रमणध्वनीवरील मोठ्या गटांत उघडे पडले की त्यांना नको ते संदेश येतात, घरात बोलणी बसतात आणि पुढच्या वेळी त्या नाव देत नाहीत. गटावर शेकडो सदस्य असणे म्हणजे नोंदवही असणे नव्हे, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

यावर व्यवहार्य तोडगा असा की नोंदवहीचे दोन भाग करावेत. सर्व सहभागी संस्थांना दिसणाऱ्या भागात गाव, कौशल्य, गावात असण्याचे महिने आणि संबंधित संस्थेच्या समन्वयकाचा क्रमांक एवढेच असावे. स्वयंसेवकाचे नाव व त्याचा स्वतःचा क्रमांक त्याच्या मूळ संस्थेकडेच राहावा. केजच्या संस्थेला धारूरमध्ये पोहणारा माणूस हवा असेल, तर तिला तो तेथे आहे हे कळेल. हाक मात्र त्याच्या ओळखीचा माणूस देईल. एक दूरध्वनी वाढतो आणि दोन मिनिटे जातात हे खरे. परंतु ओळखीच्या आवाजाला मिळणारा होकार अनोळखी आवाजाला मिळत नाही, हे गावात काम केलेल्या कोणालाही पटेल. जेथे मिनिटांचा प्रश्न असेल, उदाहरणार्थ पुराच्या काळात नदीकाठच्या गावांपुरते, तेथे स्वयंसेवकाची स्वतंत्र संमती घेऊन क्रमांक खुला ठेवता येतो. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीत मराठवाड्यातील अनेक गावांना पाण्याने वेढले, तेव्हा अशा सोयीचे मोल सर्वांच्याच लक्षात आले असेल.

संमती हा आता सौजन्याचाच भाग राहिलेला नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती कोणत्या कामासाठी घेतली जात आहे हे सांगणे, त्या कामापुरतीच ती वापरणे, संमती मागे घेण्याची सोय ठेवणे आणि अठरा वर्षांखालील मुलामुलींबाबत पालकांची संमती घेणे, हा त्याचा गाभा आहे. कागदी वही संगणकावर उतरविली की तीही या कायद्याच्या कक्षेत येते. नाव लिहितानाच दोन ओळी वाचून दाखविल्या आणि ‘नाव काढावयाचे असल्यास कोणाला कळवावे’ हे सांगितले, तर पुष्कळसे काम होते. ज्याला नाव काढता येते हे ठाऊक असते, तो ते सहसा काढत नाही.

पडताळणीचे दिवस

गावपातळीवर नोंदी ताज्या ठेवण्याचे काम आशा स्वयंसेविकांकडे सोपवावे, अशी सूचना बैठकांतून हमखास येते. ती टाळणे बरे. त्यांच्याकडील नोंदवह्यांचा भार आधीच मोठा आहे आणि ‘स्वयंसेविका’ या शब्दाचा आधार घेऊन आणखी एक विनामोबदला काम त्यांच्या माथी मारणे उचित नाही. गावातील बचत गटाची सचिव किंवा ग्रंथालयाचा कार्यकर्ता हे काम अधिक मोकळेपणाने करू शकेल, आणि त्याला प्रवास व दूरध्वनीचा खर्च मिळावा.

तालुक्याच्या वहीची मूळ प्रत एकाच व्यक्तीच्या ताब्यात असावी. इतरांनी दुरुस्ती सुचवावी, तिने ती करावी आणि नोंदीपुढे दिनांक घालावा. चार संगणकांवर चार प्रती असल्या की महिन्याभरात चार निरनिराळ्या याद्या तयार होतात. विजेचा आणि इंटरनेटचा भरवसा नसलेल्या रात्रीसाठी छापील प्रत कुलपात ठेवावी. जुनी प्रत नवी आल्यावर नष्ट करावी.

पडताळणीचा काळ जिल्ह्याच्या ऋतुचक्राने ठरवूनच दिला आहे. पहिली फेरी दसऱ्यापूर्वीच्या पंधरवड्यात, टोळ्या निघण्याआधी. दुसरी पाडव्यानंतर, त्या परतल्यावर. प्रत्येक नावाला एक दूरध्वनी करावयाचा आणि तीनच गोष्टी विचारावयाच्या : क्रमांक हाच का, पुढील सहा महिने कोठे असाल, नाव ठेवावे की काढावे. दोनशे नावांच्या तालुक्याला पाच माणसांची तीन संध्याकाळची बैठक पुरते. ज्याच्याशी दोन्ही फेऱ्यांत संपर्क झाला नाही त्याचे नाव वेगळ्या पानावर जावे, तत्काळ खोडू नये. फडात डोंगराआड दूरध्वनी लागत नाही असेही होते.

मुकादमाच्या डायरीमागील कारण सेवेच्या वहीला मिळू शकत नाही, हे वर आलेच आहे. या दोन फेऱ्यांतून मात्र एक दुसरे कारण तयार होते. वर्षातून दोनदा कोणीतरी आपली खुशाली विचारते, मुले कोणाजवळ ठेवली आहेत याची चौकशी करते, असा अनुभव आला की माणूस आपणहून नवा क्रमांक कळवितो. दसऱ्याच्या फेरीत फडाला निघालेल्या बाईने ‘म्हातारी घरी एकटी आहे, तिच्याकडे कोणी फिरकेल का’ असे विचारले, तर त्यासाठीही त्याच पानावर एक ओळ असावी. गावात मागे राहिलेल्या स्वयंसेवकांना हिवाळ्यातील पहिले काम त्या ओळीतून मिळते.